बाबांचा फोटो, आठ बाय बारा

३ नोव्हेंबर, सोमवार

फोटो वाया गेला. बाबा दिसतच नाहीत! बारा बाय अठराच्या कागदावर शर्टाचा पांढरा डाग, मिशीचा काळा डाग आणि डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन. येत्या सोळा तारखेला बाबांना जाऊन वर्ष होतंय. भंतेजी येणार, चांदवडचे, विंचूरचे सगळे येणार. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टेबलावर हे ठेवायचं?

सातपूरचा तो स्टुडिओवाला दिनेश शांतपणे म्हणतो, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आहे मॅडम, मोबाईलवर चांगलाच दिसणार, मोठा केला की असाच फाटणार. मग हे आधी नाही का सांगायचं? तर म्हणे, तुम्ही घाईत होता.

घरी आणून आईला दाखवला. तिने तो खिडकीशी नेला, मान तिरकी करून बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे परत देत म्हणाली, "धूसर हाय गं. त्यांचं तोंड साफ पाहिजे मला. दुसरं काय नाय मागत."

वर्षभरात आईने मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि तीही मला धड देता येईना.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचे फोटोच नाहीत. कोणी मोबाईल रोखला की ते चहा सांगायला म्हणून बाहेर जायचे ते फोटो संपल्यावरच यायचे! आधार कार्डावर ते फरार आरोपी वाटतात. कंपनीच्या ओळखपत्रात अर्ध्या गालावर शिक्का. धड असा एकच, चांदवडच्या चुलतबहिणीच्या, स्नेहलच्या मुलीच्या बारशाचा. हातात जेवणाची प्लेट, कुणाकडे तरी बघून मनापासून हसताहेत, आणि पळायला वेळ मिळालेला नाही.

धाकट्या भावाला, अश्विनला म्हटलं, तुझ्याकडे चांगला असेल तर पाठव. त्याने पाठवला. तोच. काकांनी पाठवला. तोच! स्नेहलने त्या दिवशी घरच्या ग्रुपवर टाकला आणि आम्ही सगळ्यांनी तोच जपून ठेवला. ग्रुपवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, अशी आमच्या घरात सगळ्यांची खात्री.

दुपारभर नेटवर वाचत बसले. फोटो म्हणजे ठिपके. छापताना एका इंचात तीनशे ठिपके बसले तर उत्तम, दोनशे असले तरी चालतं. बाबांपुरता भाग कापला की माझ्याकडे उरतात आडवे सहाशे चाळीस. ते बारा इंचांवर पसरायचे, म्हणजे इंचाला त्रेपन्न. दोनदा गणित केलं. तेवढंच आलं.

वाईट वाटलं ते वेगळंच. डोळे मिटले तर मलाही ते तसेच दिसले, कडा नसलेले. एका वर्षात! अजून पाच वर्षांनी काय उरेल माझ्याजवळ? खूप भीती वाटली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! एका ॲपमध्ये रिझोल्यूशनचा, म्हणजे इंचाला किती ठिपके त्याचा, रकाना होता. त्यात बहात्तर लिहिलेलं. मी तीनशे केलं, सेव्ह केलं. इतकं सोपं होतं तर!

संध्याकाळी: सोपं नव्हतं. दिनेशने फोटो उघडला आणि हसू दाबलं. "आकडा तुम्ही बदललात मॅडम, ठिपके तेवढेच आहेत." त्या आकड्याने फोटो फक्त कागदावर लहान छापला जाईल, पासपोर्टपेक्षा थोडा मोठा. म्हणजे वरणात पाणी घालायचं नाही म्हणून वाटीच लहान घ्यायची. बी.कॉम. झालेय मी, अकाउंट्सला आहे. मान खाली घालून बाहेर पडले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसच्या प्रिंटरवर बाबांना छापून बघत होते. मागे साहेब उभे! प्रिंट उचलून माझ्या हातात दिली आणि केबिनमध्ये गेले.

८ नोव्हेंबर, शनिवार

चाकणहून अश्विनचा फोन, ताई, काम झालं. त्याच्या कंपनीतल्या कोणी एआयवर टाकून फोटो 'क्लिअर' करून दिलाय. उघडला. एकेक केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट! आणि तो माणूस बाबा नाही. भुवईवरचा, कंपनीतल्या प्रेस मशीनने झालेला व्रण गेला. पुढचा वाकडा दात सरळ झाला. त्वचा साबणाच्या जाहिरातीतली. बाबांसारखाच कोणी सुखवस्तू माणूस, कधी रात्रपाळी न केलेला.

अश्विन म्हणाला, लोकांना काय कळतंय. मी म्हटलं, लोकांसाठी नाही करत, आईसाठी करतेय. नसलेले ठिपके मशीन मनाने भरतं, असं सांगायला गेले तर तो चिडला. म्हणाला, मग बस मोजत. फोन ठेवला. आता सोळाला येईल तेव्हा तोंड फुगलेलं असणार.

आईला हा फोटो दाखवलाच नाही. तिने छान म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं.

९ नोव्हेंबर, रविवार

हे आधी का सुचलं नाही! स्नेहलने फोटो काढला तो तिच्या मोबाईलवर. म्हणजे मूळ फोटो तिच्याकडे. चांदवडला फोन लावला. तो मोबाईल पाण्यात पडून गेला, ताई. मग म्हणाली, थांब, ईमेलच्या खात्यात फोटो आपोआप जमा होत असतील, बघते. तासाभराने फोन, आहे आहे, पाठवते!

पाठवला. व्हॉट्सॲपवर. परत तोच बारका होऊन आला!

मी ओरडले तिच्यावर. तिला काहीच कळेना, रडवेली झाली बिचारी. मग आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बसलो आणि मी तिला डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे बारका न होता, कसा पाठवायचा ते सांगितलं. मधेच पोरगी उठली. आता उद्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

आला! आडवे चार हजार, उभे तीन हजार. बाबांना मोठं करत गेले, करत गेले, तरी फाटेनात. व्रण आहे. दात वाकडा आहे. खिशातल्या पेनाचं टोपणसुद्धा आहे. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले.

घरी आईला मोबाईलवरच दाखवला, अख्खा ग्रुप फोटो. हसली. मग बाबांच्या शेजारी बोट ठेवून विचारलं, "ही कोन बाई?" मी म्हटलं, अगं आई, तूच ती! म्हणाली, मोबाईलवर काय दिसतंय गं, मोठा करून आण. बरोबर आहे तिचं, एवढ्याशा काचेवर दहा माणसं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अश्विनचा हट्ट बारा बाय अठराच. कापून बाबांपुरता भाग उरतो सोळाशे बाय चोवीसशे. आठ बाय बारा केला तर इंचाला बरोबर दोनशे. मी आठ बाय बाराच सांगितला, त्याला विचारलं नाही.

दिनेशने छापून समोर धरला. मग म्हणाला, काका कंपनी सुटल्यावर आमच्या दुकानावरून जायचे, हेच हसणं. पाठीवरून हात फिरवणाऱ्या माणसासारखं बोलला अगदी. पहिल्या प्रिंटचा राग तिथेच सोडून दिला.

घरी न जाता तशीच मेन रोडला फ्रेमवाल्याकडे. शनिवारी देतो म्हणाला. काच घालू नका, चकाकते, असं मी तीनदा बजावलं. चौथ्यांदा सांगायला गेले तर त्याने हात जोडले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फ्रेम पडली तर? खिळा फोटोतून गेला तर? फ्रेमवाल्याला दोनदा फोन केले. उचलत नाही. आई म्हणते, "इतकी पळू नको. आला तसा आला."

नाही. तसा नाही चालणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फ्रेम आणली. हॉलमध्ये खुर्चीवर टेकवून ठेवली आणि कात्री घ्यायला आत गेले. बाहेर आले तर आई समोर उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन, हात जोडून. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "आता कसे साफ दिसत्यात. झालं का तुझ्या मनासारखं?"

मी हो म्हटलं. कात्री हातातच होती. फ्रेमभोवती गुंडाळलेलं ते फुगे-फुगेवालं जाड प्लास्टिक, ज्यातून मलाही बाबा दिसत नव्हते, मी अजून काढलंच नव्हतं.