‘मले’चं ‘मला’

प्रिय श्रीधर,

कामठीहून परतताना शेअर ऑटोत आपण एकच संत्रं वाटून खायचो, आठवतं?

विणकर बायकांच्या आपल्या मुलाखती आता विद्यापीठ संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या करतंय. तू म्हणतोस, टेपा टाकून दे, माझी लिखित प्रत पाठव. पण त्या प्रतीत तू प्रत्येक ‘मले’चं ‘मला’ केलं आहेस. कॉन्व्हेंटमध्ये मलाही तेच शुद्ध वाटायचं, म्हणून रागावत नाही. त्या विणकर बायकांतल्या रुखमाबाई मात्र बजावून गेल्या, “जसी बोलली तसंच ठेव वं बाई, नाही तं माही नातच मले ओळखनार नाही.”

तेव्हा टेपा विद्यापीठाला. रुखमाबाईंच्या टेपेची नक्कल नातीला, उन्नतीला. तुझ्या अक्षरातली प्रत माझ्याजवळ राहील. ती कुणालाच द्यायची नाही.

तुझी,
नलिनी