दारावरची थाप

अर्लीनताई,

ओकलंडच्या फुटपाथवरून मी खोलीत राहायला आले, हे तू चर्चभर सांगितलं असशीलच. तुझा तो आनंद मोडवत नाही, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही.

काल दारावर थाप पडली. फुटपाथवरचा माझा तंबू उठवायला पोलीस आले की कापडावर अशीच पडायची. मी झटकन गाठोडं बांधलं आणि पोलीस दिसले की काय करायचं ते आईनं आपल्या काळ्या लेकरांना शिकवलं होतं तसे हात वर करून बाहेर आले. समोर शेजारची रोबर्टा.

"हात खाली कर गं बाई! मक्याचा पाव आणलाय, बंदूक नाही." मग गाठोडं बघून हळूच म्हणाली, "मीही रस्त्यावरून इथे आल्यावर वर्षभर बूट घालून झोपत होते. उद्यापासून थाप मारत नाही, गात येते."

ताई, तिचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. पण आज तो ऐकून मी नुसतं दार उघडलं.

अजून घरातच असलेली,
ओडेसा