शेकोटीपासून लांब

उटनूर, जानेवारी, गुरुवार

निजामाच्या मुलखात मिशन चालवायला आलो, त्याला हा दुसरा हिवाळा. आजही गावात पोचताच माझ्यासाठी बाज टाकली, शेकोटीपासून चांगली लांब; मला धूर लागू नये म्हणून. बाकी सगळे विस्तवाभोवती, खांद्याला खांदा लावून. आपण सारी एकाच बापाची लेकरं, हे मी त्या बाजेवरून कुडकुडत सांगितलं. वीट आलाय मला या बाजेचा. शेवटी राहवेना. उतरलो आणि त्यांच्यात जाऊन बसलो. तर सगळे उठून उभे. म्हातारे पाटील हात जोडून म्हणाले, "पादरीबाबा, तुमी खाली काऊन बसले? आमचं काई चुकलं का?"

उठलो आणि परत बाजेवर जाऊन बसलो. तेव्हा कुठे सगळे बसले. विस्तवाजवळची माझी जागा लगेच भरून गेली.