बोर्डावर नसलेला ऊस

अप्पा, आज प्रशिक्षणात पुन्हा तुमची गोष्ट सांगितली आणि पुन्हा अर्धीच सांगितली. समोर तीसेक पोरं-पोरी, सगळे शेतकी पदवीवाले, हातात कंपनीच्या नव्या वह्या. कारखाना चालवायची रीत कशी बदलत गेली ते मी त्यांना पडद्यावर दाखवत होते. आधी कुणी परदेशी साहेब हातात घड्याळ घेऊन मजुराच्या मागं उभा राहिला. मग कुणी म्हणालं, माणूस यंत्र नव्हे, त्यालाही विचारा. मग जपान्यांनी कारखान्यात फळे लावले, काम कुठवर आलं ते सगळ्यांना दिसावं म्हणून. इथं आले की मी थांबते आणि म्हणते, ‘जपानचं राहू द्या, आमच्या बीड जिल्ह्यात साखर कारखान्याच्या गट ऑफिसातल्या एका क्लार्कनं हे कुठलंही पुस्तक न वाचता केलं.’ पोरं टाळ्या वाजवतात. मला मात्र त्या टाळ्या ऐकवत नाहीत.

तुमचा बोर्ड म्हणजे काय, गट ऑफिसच्या भिंतीला काळा रंग दिलेला चौकोन. सहकारी कारखाना नवा होता तेव्हा कुणाचा ऊस आधी तुटणार हे शेतकी साहेबाच्या टेबलाच्या खणात ठरायचं. तुम्ही तो कारभार खणातून काढून भिंतीवर आणलात. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. लागणीची तारीख, नाव, गाव, नंबर. दर सोमवारी नवी यादी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायचात. पाटील असो की आपल्या वस्तीतला, सगळे त्या भिंतीसमोर मान वर करून उभे. मला त्या भिंतीचा लई अभिमान होता, अप्पा. आजा-आजी जन्मभर कोयता घेऊन दुसऱ्याच्या फडात राबले, आणि त्यांचा मुलगा आता कुणाचा फड कधी तुटायचा ते लिहितो, हे मी कॉलेजात मैत्रिणींना मुद्दाम ऐकवायचे. एकदा पुण्याहून टाय लावलेला एक गृहस्थ शिबिर घ्यायला आला होता, उद्दिष्टं, आढावा, तक्ते असलं काय काय सांगून गेला, आणि जाताना तुमच्या बोर्डाचा फोटो काढून घेऊन गेला. तुम्ही आठ दिवस घरी तेच सांगत होता. शेवटी आई म्हणाली, ‘बोर्डाचा काढला, पर तुमचा काढला का?’

मग तो दुष्काळ. पहिल्या वर्षी विहिरींनी कसाबसा तग धरला, दुसऱ्या वर्षी त्यांनीही हात टेकले. काकानं नेमका त्याच हंगामासाठी एक एकर ऊस लावला होता. आपल्या घरातला पहिला ऊस! वीस-बावीस हंगाम कोयता चालवून त्या माणसानं विहीर पाडली होती. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेली, आणि तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सोमवारची यादी साहेबाच्या परवानगीनं तुम्ही सांगायचात आणि मी बोर्डावर लिहायचे. काका ऑफिसात येऊन दाराशीच उभा राहिला. ‘दादा, हिरीत निस्ता गाळ राह्यलाय. ऊस वाळायलाय. चार नंबर वर घे, जास्त न्हाई. आजवर दुसऱ्याचा तोडला, एकदा आपला तुटताना बघू दे.’ तुम्ही मान वर केली नाहीत. ‘नंबर आला की तुटंल.’ ‘नंबर येस्तोर सरपण व्हईल त्याचं.’ ‘मग व्हऊ दे,’ म्हणालात. सख्ख्या धाकट्या भावाला!

त्या सोमवारी मी काकाचं नाव चार जागा वर लिहिलं. चूक होती, कबूल. वाटलं, अप्पांना तर दिसत नाही, आणि चार नंबरानं कुणाचं काय आभाळ कोसळणार आहे? पण बाहेर कुणीतरी यादी मोठ्यानं वाचायला लागलं आणि काकाचं नाव कानावर पडताच तुम्ही काळा चष्मा सावरत बाहेर आलात. ‘कुणी लिवलं हे?’ मी म्हणाले, ‘मी.’ ‘पूस.’ शिपाई फडकं घेऊन उठला तर तुम्ही हातानंच त्याला थांबवलंत. ‘तिची ओढणी हाय की. तिनं पुसू दे.’ पंधरा-वीस माणसं बघतायत, त्यांत काका आहे, आणि मी वीस वर्षांची घोडी माझ्या ओढणीनं माझ्या काकाचं नाव पुसतेय. काकानं चपला पायांत सरकवल्या आणि चालता झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज तुमच्या पाया पडून मोकळी झाले असते, अप्पा. पण गुरुवारी मी डबा घेऊन आले तेव्हा चेअरमनच्या बंगल्यावरून चिठ्ठी आली. तुम्हाला ती वाचायलासुद्धा डोळे नव्हते, म्हणून माझ्याकडूनच वाचून घेतलीत. चेअरमनच्या मेव्हण्याचा फड, तोडणीची टोळी आजच्या आज लावा. बस, एवढंच. त्या मेव्हण्याची लागण काकाच्या नंतर दोन महिन्यांची, मला तारखा पाठ होत्या. तुम्ही मुकादमाला हाक मारलीत आणि टोळी तिकडं पाठवलीत. मी विचारलं, ‘यांचा नंबर कुठंय?’ तुम्ही डब्याचं झाकण काढत म्हणालात, ‘ते बोर्डावर नसतंय.’ ‘कधीपासून?’ ‘पहिल्यापासून.’ जसं काही भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं! मी तिथंच ओरडले, ‘मग काकाचं कामून पुसाय लावलं?’ तुम्ही शांतपणे घास मोडलात. ‘त्यांनी त्यांच्या माणसाला दिलं तर कुणी बघत बी न्हाई, बाई. आपण आपल्या माणसाला दिलं की सगळा तालुका बोट दाखवितो. माझी नोकरी ऱ्हायली तर तू शिकशील.’

हे खरं होतं, मला माहीत आहे. आपल्यावर बोट दाखवायला लोक टपूनच बसलेले असायचे. पण खरं असलं म्हणून गिळायचं का? जगाचं ‘आपला तो बाब्या’ असतं, तुमचं उलटंच. तुमचा नियम भिंतीपुढं उभं राहणाऱ्यांनाच लागू, बंगल्यात बसणाऱ्यांना नाही, आणि त्यातही सगळ्यात कडक सख्ख्या भावाला. तो नियम खरा दिसावा म्हणून तुम्ही काकाचा ऊस वाळू दिलात. वर माझ्या शिक्षणाचं नाव पुढं केलंत, म्हणजे ते ओझंही माझ्याच डोक्यावर. काकाचा ऊस शेवटी तुटला तो चारा छावणीतल्या जनावरांसाठी, हिरवा राहिला होता तेवढा. कारखान्याच्या काट्यावर तो गेलाच नाही. पुढच्या दिवाळीनंतर काकानं पुन्हा कोयता उचलला आणि टोळीबरोबर निघून गेला. तुम्ही गेलात तेव्हा मातीला आला आणि चार लोकांत म्हणाला, ‘माझा दादा लई सरळ माणूस. सख्ख्या भावाला बी सोडलं न्हाई त्यानं.’ चिठ्ठ्यांचं त्याला कधी कळलंच नाही. मी सांगू शकले असते. दातांखाली जीभ धरून उभी राहिले. तुम्ही मेलात तरी तुमचा बोर्ड मीच सांभाळत होते, याचा राग मला तुमच्यापेक्षा माझा जास्त येतो.

आता तो सहकारी कारखाना राहिला नाही. संचालकांनी खाऊन खाऊन बुडवला, मग एका कंपनीनं चालवायला घेतला, आणि मी एम.बी.ए. होऊन त्याच कंपनीत ऊस विभागाची प्रमुख म्हणून आले. भिंतीवर चुना मारलाय. लागणीची नोंद मोबाईलवर, तोडीची तारीख मोबाईलवर, ज्याला-त्याला आपापला नंबर दिसतो, शेजाऱ्याचा दिसत नाही. सुधारणा म्हणायची ही! तुमच्या भिंतीपुढं निदान पंधरा माणसं एकदम उभी राहून एकदम चिडू शकत होती. आणि त्या सगळ्या व्यवस्थेत ‘विशेष मंजुरी’ नावाचं एक बटण आहे, फक्त माझ्या स्क्रीनवर. मालकांनी मागितलं आणि मीच ते बनवून घेतलं. चिठ्ठीला तुम्ही नाही म्हणाला नव्हतात, बटणाला मीही म्हणाले नाही. गेल्या हंगामात ते किती वेळा दाबलं, ते मी पोरांना सांगत नाही.

यंदा पुन्हा पाऊस नाही. काकाही गेला, त्याच्या मुलीनं हिंमत करून ऊस लावलाय. सकाळी तिचा फोन आला. ‘ताई, बोअर गेला. तारीख महिन्यानं हाय. आमी काय करावं, तूच सांग.’ तिनं वर घे असं म्हटलंसुद्धा नाही, अप्पा. मी फोन ठेवला, दार लावलं आणि बटण दाबलं. कारण विचारलं होतं तिथं ‘तांत्रिक’ असं लिहिलं. परवा तिच्या फडात टोळी जाईल. आता कुणी मला ओढणीनं पुसायला लावणार नाही. हा कागद फाडून टाकीन, कारण तुम्ही वाचलात तर मला काय म्हणाल ते मला चांगलं माहीत आहे. तिला वर घेताना नऊ शेतकऱ्यांच्या तारखा मागं सरकल्या, यंत्रानं तेवढा आकडा दाखवला आणि विचारलं, नावं बघायची का? मी ‘नाही’ वर बोट ठेवलं.