दुसऱ्या हाफची रिकामी खुर्ची

के. आर. पुरम, बंगळूर
बुधवार, १७ डिसेंबर १९९७

चि. शिवलीला हिस,
शरूमामाचे अनेक आशीर्वाद.

अक्काने पाठवलेली सुंठीची पुडी पोचली. अथणीच्या बसचा ड्रायव्हर स्वतः घरी आणून देऊन गेला, वर "दिवसातून दोनदा, गुळाबरोबर" हा निरोपही देऊन गेला. तुझी आई माझी मावसबहीण कमी आणि हेडमास्तरीण जास्त, हे मी लहानपणापासून अनुभवतोय. तिला सांग, पुडी मिळाली.

तुझा घोटा कसा आहे? सूज उतरली का? उतरली असली तरी लगेच उड्या मारायला जाऊ नकोस. तिकडच्या शाळेच्या मैदानात खड्डेच फार, मी तिथे तुझ्या हातात पहिल्यांदा चेंडू दिला तेव्हाही होते. इथे थंडी बरी पडलीय. सकाळी दूध आणायला कानटोपी घालून जातो, तर दूधवाला रोज विचारतो, "काय अण्णा, म्हातारे झाला काय?" रिटायर झालो म्हणून काय झालं, अजून पायऱ्या दमानं का होईना चढतो.

मुख्य बातमी तुला कळली असेलच. आपलं 'बॅकबोर्ड' बंद पडलं. डिसेंबरचा अंक शेवटचा. जयसिंगरावाने पहिल्या पानावर चार ओळींचा निरोप छापला आणि प्रेसला लग्नपत्रिकांचं काम घेतलं. एवढी वर्षं त्याने पदरमोड करून एकट्या बास्केटबॉलचं मासिक चालवलं. बूटवाल्यांच्या जाहिराती होत्या, कारखान्यांच्या टीम्स होत्या, तोवर जमलं. बूटवाले टीव्हीवर गेले. कारखान्यांनी टीम्स मोडल्या. आणि वाचणाऱ्या पोरांना आता माझं मत कशाला हवं? अमेरिकेतला एकेक बास्केट त्यांना चार बाजूंनी, हळू करून दाखवतात. त्यावर महिन्याने एक म्हातारा लिहिणार की हा पास चुकला. पूर्वी माझ्या 'साइडलाइन' सदराला शिव्या देणारी पत्रं यायची. गेल्या वर्षी शिव्यासुद्धा येईनाशा झाल्या.

गंमत बघ, शेवटचा म्हटल्यावर हा अंक हातोहात खपला. कधी वर्गणी न भरलेले लोक येऊन आठवण म्हणून दोन-दोन प्रती घेऊन गेले. क्लबात तर पहिलं पान फ्रेम करून लावलंय.

त्या अंकात तुझ्याबद्दल जे छापून आलं, त्याबद्दल लिहायचंच होतं. प्रेसमध्ये गोंधळ झाला. घाईत भलताच मजकूर लागला. असं होतं कधीकधी, तू मनाला लावून घेऊ नकोस.

इथपर्यंत लिहून मी चहा करायला उठलो. परत येऊन वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. प्रेसच्या गोंधळाचं जे लिहिलंय ते खोटं आहे. कागद फाडून नवा घेणार होतो, पण राहू दे. मी किती सहज खोटं लिहितो ते तुला दिसू दे.

हेच खोटं मी पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होतो. जयसिंगरावाच्या कानावर गेलं, तेव्हा तो भर दुकानात म्हणाला, "काय रे शरद, माझ्या प्रेसनं तुझं काय घोडं मारलंय? मरताना तरी तिला नीट मरू दे की." मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही.

खरं काय झालं ते सांगतो. तुझी फायनल रविवारी संध्याकाळी आणि अंकाची छपाई सोमवारी दुपारी. पानं शनिवारीच चिकटवून तयार ठेवावी लागतात. अशा वेळी आम्ही लिहिणारे लोक दोन लेख तयार ठेवतो, एक जिंकल्याचा, एक हरल्याचा. यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच करतात. नियम एवढाच की मॅच संपली की मैदानावरून थेट प्रेसमध्ये जायचं, योग्य लेख काढायचा आणि उभ्या उभ्या त्यात खरं घडलेलं भरायचं. इतकी वर्षं मी हेच केलं. घामट शर्टानं प्रेसमध्ये शिरायचो, जयसिंगराव कात्री घेऊन तयार असायचा.

हरल्याच्या लेखात मी तुला धरलं होतं. 'शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू शिवलीलेच्या हातात अडकून पडला, ती गोठली, मैत्रिणी हात वर करून उभ्या राहिल्या.' शनिवारी लिहिलं हे मी. मॅच झालीच नव्हती. प्रॅक्टिसमध्ये तू चेंडू जरा जास्त वेळ धरतेस, ते माझ्या डोक्यात होतं. पण तेवढंच नव्हतं. मला लोकांनी म्हणायला हवं होतं की बघा, भाची असली तरी हा माणूस पाठीशी घालत नाही. निर्भीड म्हणवून घ्यायची मला फार हौस. जिंकल्याच्या लेखात तुझं नाव एकदाच होतं, तेही इतर चौघींबरोबर.

आता ते लिहितो जे लिहायला बोटं वळत नाहीत. रविवारी मी मैदानावर आलोच नाही. मला ताप नव्हता. अंगही दुखत नव्हतं. चार वाजता शर्ट घातला, बूट घातले, आणि बुटांची नाडी बांधताना सहज टीव्ही लावला. अमेरिकेतली मॅच लागली होती. ताजीसुद्धा नाही, सकाळी दाखवलेलीच पुन्हा. म्हटलं हाफ टाइमपर्यंत बघू, मग रिक्षाने जाऊ. शेंगांची वाटी घेऊन बसलो. मॅच संपली तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि पायात बूट तसेच होते.

टीव्हीने आपलं मासिक खाल्लं असं गावभर सांगत फिरणारा मी. मैदानावर यायचं मी स्वतःच सोडलं होतं, शिवलीला.

घाबरून क्लबात फोन लावला. स्कोअरर गुंडूने उचलला. मी विचारलं, "कोण जिंकलं?" तो म्हणाला, "दोन पॉइंटनी गेली की सर. तुम्ही कुठं होता? आणि त्या पोरीचं..." मी फोन ठेवला. तो पुढे काय सांगणार होता ते मी ऐकलंच नाही, कारण ऐकलं असतं तर कुठे होतो ते सांगावं लागलं असतं. मग प्रेसला फोन करून म्हणालो, "हरल्याचा लावा." एवढंच.

तू पहिल्याच हाफमध्ये पडलीस, दोघींनी उचलून तुला बाहेर नेलं, आणि दुसरा हाफ संपूर्ण तू बर्फ लावून बाकावर बसून होतीस, हे मला सोमवारी सकाळी कळलं, आणि तेही तुझ्याकडूनच. गावची बस धरायच्या आधी तू लंगडत माझ्या दारात आलीस. पायाला पट्टी, हातात मोसंबी. आणि विचारलंस, "मामा, बरं नाही काय? तुमची खुर्ची रिकामी दिसली म्हणून जीव घाबरला माझा."

स्कोअररच्या टेबलाशेजारची ती खुर्ची. तुझ्या बाकाच्या बरोबर समोर. संपूर्ण दुसरा हाफ तू तिच्याकडे बघत होतीस.

मी म्हणालो, "ताप आला गं जरा." तू माझ्या कपाळाला हात लावलास. कपाळ गार होतं. तू मोसंब्याचा रस काढून दिलास आणि गेलीस. तो मी प्यायलो, हे लक्षात ठेव.

छपाई दुपारी होती. जयसिंगरावाला एक फोन केला असता तर पान निघालं असतं. जागा कोरी गेली असती, नाहीतर बुटांची जुनी जाहिरात लागली असती. फोन माझ्या उशाशी होता. पण फोन केला की तो विचारणार, का? आणि मग सांगावं लागणार की शरद फायनलला नव्हता. वाटलं, कोण वाचतंय आता. इतके दिवस कुणी वाचत नाही म्हणून रडत होतो, त्या दिवशी त्याच गोष्टीचा आधार घेतला.

आणि नेमका तोच अंक सगळ्यांनी वाचला. लेखाखाली माझं नाव, आणि नावाखाली नेहमीसारखं छापलेलं, 'खुद्द मैदानावरून'.

मॅच बघितलेले लोक हसले असणार. ज्यांनी बघितली नव्हती त्यांना ते खरं वाटलं. त्यातच, जिच्या टीममधून तुला नोकरी मिळायची होती त्या बँकेचे स्पोर्ट्स ऑफिसर रघुपती. जानेवारीच्या ट्रायलला तुला बोलावण्याचं त्यांनी मला तोंडी कबूल केलं होतं. अंक निघाल्यावर त्यांचा फोन आला, शेवटच्या पाच मिनिटांत गोठणारी मुलगी आम्हाला नको. मी प्रेसचा गोंधळ सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "सरी सर, ठीक आहे, पण मजकूर तुमचाच ना? मत तुमचंच ना?" तुझ्या नोकरीची गोष्ट माझ्या एका परिच्छेदात बुडाली आणि मी फोनवर "बरं, बरं" म्हणत राहिलो.

खुलासा छापावा तर पुढचा अंकच नाही. एका इंग्रजी पेपराच्या कचेरीत गेलो. तिथला पोरगा चांगला वागला, खुर्ची दिली. म्हणाला, बास्केटबॉलचे आम्ही निकालच दोन ओळीत देतो सर, बंद पडलेल्या मासिकातल्या चुकीला कुठे जागा देऊ? त्याचंही बरोबरच. तेव्हा ते वाक्य आता तसंच राहणार. मासिकाचं शेवटचं सदर म्हणून लोकांच्या कपाटात राहणार, त्यात तू गोठलेली.

मी तरीही गप्प बसलो असतो. कबूल करतो. पण परवा गुंडू भेटला. त्याने सांगितलं की अंक निघाल्यावर क्लबातल्या मुली भडकल्या, तुला फोन करून म्हणाल्या की तू तक्रार कर, तुझे मामा मॅचला नव्हतेच. तर तू त्यांना म्हणालीस, "मामांना ताप होता. कोणी चुकीचं सांगितलं असेल त्यांना. स्वल्प गप्प बसा, त्यांचं मासिक आधीच बंद पडलंय." गुंडू हे माझं सांत्वन करायला सांगत होता, पोरगी किती गुणाची म्हणून. मला रस्त्यात उभं राहवेना. घरी आलो तर दारात ड्रायव्हर सुंठ घेऊन उभा.

गार कपाळाला हात लावला होतास तू. तुला तेव्हाच कळलं होतं ना?

काल मी बँकेत गेलो. रघुपतींसमोर बसून सांगितलं की दुसऱ्या हाफमध्ये तू कोर्टावर नव्हतीस, आणि मी मैदानावर नव्हतो. टीव्ही बघत होतो, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सर, मी शाळेत असल्यापासून तुमचं वाचतो," म्हणाले. "बाकीच्या मॅचेसना तरी होता काय?" मी होतो म्हणालो. ते जवळजवळ खरं आहे. जवळजवळ अशासाठी की यंदा मी दोनदा हाफ टाइमला उठून घरी आलो होतो आणि पुढचं विचारून लिहिलं होतं. ते तिथे गिळलं. तुला सांगतोय. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. आता माझ्या कुठल्याच जुन्या लेखावर बसणार नाही.

क्लबच्या स्कोअरशीटची नक्कल त्यांनी गुंडूकडून मागवून घेतली. तुला ट्रायलला बोलावणार आहेत, पत्र घरच्या पत्त्यावर येईल. आत घेतीलच असं नाही म्हणाले, खेळ बघून ठरवतील. तेच योग्य. उठताना त्यांनी एक अट घातली. "ट्रायलच्या दिवशी तुम्ही मैदानावर येऊ नका सर. मुलीला त्रास नको." मी हो म्हणालो. ज्या दिवशी यायला हवं होतं तेव्हा आलो नाही, आता यायचं आहे तर बंदी आहे. तक्रार करायला मला तोंड नाही.

तेव्हा ट्रायलला मी नसेन. त्या दिवशी टीव्हीही लावणार नाही, पण या असल्या शपथेला काय किंमत. तुला वाटलं तर नंतर दोन ओळी लिही, कशी खेळलीस ते. तू लिहिशील ते मी खरं मानीन. नाही लिहिलंस तरी समजेन.

हे पत्र अक्काला मोठ्याने वाचून दाखव, सगळं, गाळू नकोस. तिला सांग, ताप नव्हता. सुंठीची पुडी उघडलेली नाही, टेबलावर तशीच आहे. परत पाठवू का, ते तिलाच विचार. मला पाठवायचा धीर होत नाही आणि ठेवायचाही.

सुरुवातीला सवयीने आशीर्वाद लिहून गेलो. ते तुला हवेसे वाटले तर घे.

त्या संध्याकाळी मैदानावर नसलेला,
तुझा शरूमामा