काटा हिरव्या पट्ट्यात

मंगळवार, दिनांक १४, दुपारचे अडीच

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या मोठ्या भाचीला चष्मा लागला, आता आरशासमोरून हलत नाही. धाकटी तुझ्या लाडाने बिघडली असं तिची आई अजूनही म्हणते.

दोन वर्षांनी लिहितोय. फोन तू उचलत नाहीस. उचलूही नयेस.

तू वर्कशॉप सोडलंस त्या दिवशी मी काय बोललो ते तुझ्या लक्षात असेलच. "तुझ्या त्या रजिस्टरच्या वेडापायी धंदा बसेल माझा." आग विझवायचा एकेक सिलिंडर उघडून पाहिल्याची मिस्त्रींची खूण रजिस्टरात पडल्याशिवाय तू दाखला सोडायची नाहीस. पण तू गेल्यावर माझी जी तारांबळ उडाली, ती तुला कुणी सांगितली नसेल. सिलिंडर उघडून पावडर काढायला बसलो की फोन वाजायचा. हात कोपरापर्यंत पांढरे, नाकातोंडात पावडर, मान वाकडी करून फोन खांद्याशी धरायचा, गिऱ्हाइकाला तारीख द्यायची आणि विसरून जायची. एका शाळेने मला चार वेळा फोन केला. चारही वेळा मी "उद्या" म्हणालो.

मग एक सल्लागार भेटला. स्वच्छ शर्ट, हळू बोलणं. म्हणाला, "एकट्याने किती दिवस गाडा ओढणार? पाठीशी टीम उभी करू. तुम्ही फक्त मालक व्हा."

फार गोड वाटलं ते, ताई.

त्यानेच माणसं आणली. फोनवर बसायला एक बाई, आवाज असा की चिडलेलं गिऱ्हाईक दोन वाक्यांत विरघळावं. गिऱ्हाइकांकडे जाऊन सिलिंडर तपासायला एक जोडी, गणवेश घालून. कागदपत्रं तो स्वतः बघणार. सहा महिन्यांत माझ्या टेबलावर एकही कागद तुंबलेला दिसेना. मी दुपारी घरी जाऊन जेवू लागलो. बायको म्हणाली, "तुमच्या चेहऱ्यावर माणूसपण आलं."

फक्त आपले जुने मिस्त्री त्यांच्यात मिसळले नाहीत. मला लहानपणापासून धाकट्या म्हणणारे मिस्त्री एक दिवस मला "मालक" म्हणाले. "मालक, चाळीस सिलिंडर नीट तपासायचे तर अख्खा दिवस जातो. ही जोडी जेवणाच्या सुट्टीआधी परत येते कशी?"

"त्यांचे हात तरुण आहेत," मी हसून म्हणालो.

ते हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाकडचा सिलिंडर उचलून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. तपासणीची पट्टी ताजी, काटा हिरव्या पट्ट्यात. त्यांनी तो उलटा केला, रबरी हातोडीने बुडाशी ठोकला आणि माझ्या कानाशी धरला. आत पावडर सरकल्याचा आवाज नाही. उघडला तर आत विटेसारखा गठ्ठा.

"काटा दाब सांगतो," मिस्त्री म्हणाले. "पोटात काय आहे ते सांगत नाही."

सल्लागार म्हणाला, "शंभरात एखादा निघतोच." त्या दिवशी माझ्यापुढे तपासणीच्या दाखल्यांची चळत होती. मी सगळ्यांवर सह्या केल्या. मला फसवलं असं लिहायचं होतं तुला, पण ते खरं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कढईतल्या तेलाने पेट घेतला. आचाऱ्याने सिलिंडर काढला, पिन ओढली, दांडी दाबली. नुसता फुस्स आवाज. दुसरा घेतला, तोही तसाच. तोवर पडदा पेटला होता. पडद्यापलीकडे त्याची मदतनीस अडकली होती. तिला त्याने हातांनी ओढून काढलं.

ती वाचली. त्याची बोटं आता उघडत नाहीत. मी दवाखान्यात गेलो तर मलाच विचारतो, "साहेब, घाईत माझ्याकडून पिन अर्धवट राहिली असेल का हो?"

मी म्हणालो, "आराम करा."

दुसऱ्या दिवशी सल्लागाराने कागद तयार ठेवला होता. त्या कँटीनची तपासणी मिस्त्रींनी केली, त्यांची नजर अधू झाली आहे, वगैरे. "म्हातारा माणूस आहे, कोणालाही पटेल," तो म्हणाला. फोनवरच्या बाईने त्याच गोड आवाजात गिऱ्हाइकांना हेच सांगायला सुरुवातही केली होती. सगळं इतकं नीट लावलेलं होतं की मला फक्त सही करायची होती.

मी केली, ताई.

मिस्त्रींनी तो कागद ओळीवर बोट ठेवून वाचला. घडी घालून टेबलावर ठेवला. म्हणाले, "ताईच्या रजिस्टरात माझी एक खूण खोटी दाखव, धाकट्या." आणि निघून गेले.

काल दुपारी मी त्या जोडीची यादी पहिल्यांदा उघडली. त्रेचाळीस ठिकाणं. तिसऱ्या ओळीत तू चालवतेस तो वृद्धाश्रम. सिलिंडर अठरा. आत गेले अकरा वाजता, बाहेर पडले अकरा वीसला.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. मी तुझे गुडघे विचारत बसलो. तुझ्याकडे तळमजल्यावर अंथरुणातून न उठणारी माणसं किती आहेत, हे मला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस, बोलणं चालू होतं तेव्हा.

तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. मिस्त्रींच्या दारात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण तोंडातून "ताईकडचे अठरा" एवढंच निघालं. त्यांनी चपला घातल्या. काल संध्याकाळपर्यंत आणि आज सकाळपासून आम्ही दोघांनी वर्कशॉपातले दुसरे अठरा सिलिंडर भरले. एकेक सिलिंडर कानाशी धरूनच ते गाडीत चढवत होते.

आत्ता तुझ्या फाटकाबाहेर गाडीत बसून लिहितोय, मिस्त्री मागे सिलिंडरांशेजारी बसलेत. मला आत सोडायचं नाही असा तुझा हुकूम आहे म्हणे. पहारेकऱ्याला सगळं सांगितलं. त्याने आपल्या चौकीतल्या सिलिंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, "काटा तर हिरव्यात आहे. काय असेल ते बाईंना लेखी द्या."

सल्लागाराचा मघापासून तीनदा फोन आला. "तुम्ही कुठेही काही बोलू नका, टीम बघून घेईल." इथून मी थेट अग्निशमन खात्यात जाणार आहे. मिस्त्रींवरचा कागद खोटा आणि त्यावरची सही माझी, असं लिहून देईन. मग आचाऱ्याकडे जाऊन सांगेन की पिन त्याने बरोबर ओढली होती. उरलेल्या बेचाळीस ठिकाणी आज कुठे काय पेटेल, ते मला माहीत नाही.

मला भेटू नकोस. मिस्त्रींना आत घे, आणि ते शेवटचा सिलिंडर लावेपर्यंत स्वयंपाकघरात एकही शेगडी पेटवू देऊ नकोस.

तुझ्या दारात उभं राहायचीही लाज वाटणारा,
धाकटा