पहिला रिपोर्ट

प्रिय तापी,

तुझे सगळे निरोप पोचले. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. हा कागद मी खिडकीच्या काचेला लावून धरीन; पुतण्या अकील बाहेरून फोटो काढून तुला पाठवेल.

शौकतना जाऊन आठवडा झाला. मिरची वाळवायच्या पथारीवर आयुष्य गेलेला माणूस, त्यांच्या खोकल्याकडे कोण लक्ष देणार? हंगामात आमच्याकडे पाहुणेसुद्धा खोकतात. तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा हसून म्हणाले, "बघ, मिरचीच आहे." डॉक्टर अजितना मात्र छातीचा फोटो आवडला नव्हता. विषाणू खाली फुप्फुसात उतरला की कधीकधी नाकात सापडत नाही, म्हणाले. त्यांनी दुसरा नमुना घेतला. त्याचा निकाल यायच्या आत शौकत गेले.

हाती निगेटिव्हचा कागद, म्हणून सगळे गोळा झाले. शेवटची आंघोळ घालायला भाऊबंद पुढे आले, तर मी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. बायकोचा हक्क आहे, मी एकटी घालीन, म्हणाले. लोकांना ते प्रेम वाटलं. तेही होतंच. त्यांच्या नखांतली लाल पूड काही केल्या निघेना, तेव्हा मात्र मी रडले.

दुसरा रिपोर्ट दफन झाल्यावर आला. पॉझिटिव्ह.

आता मला ताप आहे. माझाही पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि गल्लीला हायसं वाटलं. कामाची जसोदाबाई रोज दाराशी येऊन भांडते, "भाभी, रिपोर्ट चांगला उना ना, मंग दार उघाडा ना." अकीलने तुलाही तेच कळवलं, आणि तू बॅग भरलीस.

तापी, येऊ नकोस. तुझ्या पोटात तुझ्या भावाची किडनी आहे. ती टिकावी म्हणून तू ज्या गोळ्या घेतेस, त्यांनी तुझ्या अंगात साधी सर्दी झेलायचीही ताकद ठेवलेली नाही. कॉन्व्हेंटमध्ये मला गालगुंड झालं तेव्हा सिस्टरांची नजर चुकवून तू माझ्या पांघरुणात शिरली होतीस. मग तुझेही गाल सुजले, आणि तू ते मिरवत हिंडलीस. तुझी ती खोड अजून गेलेली नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण एक वाक्य पुरं होत नाही, मध्येच धाप लागते. ते ऐकून तू निघालीच असतीस. सकाळी माझा दुसरा नमुना नेला. दुपारी मला दवाखान्यात हलवणार आहेत. एवढं कर. बॅग रिकामी कर आणि तिचा फोटो अकीलला पाठव. तो पाहिल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही.

तुझीच,
शिरीन